मुलांना ऐकू द्या, विचारूही द्या

शिक्षकदिन जवळ आला की एक प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने डोके वर काढतो. देशाच्या पंतप्रधानाने शाळकरी मुलांशी बोलावे काय, आणि तो बोलणार असेल तर शाळांनी ते भाषण मुलांना ऐकवावे काय? प्रश्न दिसायला लहान आहे. एका दुपारचे दोन तास आणि वर्गातला एक दूरदर्शनसंच, एवढाच त्याचा संसार. परंतु त्यावरून ज्या त्वेषाने वाद झडतात तो पाहिला म्हणजे मुलांच्या मनावर हक्क कोणाचा, हेच या भांडणाचे मूळ असल्याचे उघड होते. सरकार म्हणते, मुले राष्ट्राची आहेत. विरोधक म्हणतात, ती पालकांची आहेत. आणि शिक्षक बिचारा परिपत्रक हातात धरून दोघांच्या मध्ये उभा असतो. खुद्द मुलांचे हित कशात आहे, याचा विचार या गदारोळात मागे पडतो. तो करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या देशात हा वाद ठळकपणे उभा राहिला तो २०१४ साली. त्या वर्षी ५ सप्टेंबर रोजी दिल्लीतील माणेकशॉ सभागृहातून पंतप्रधान नरेंद्र मोदी देशभरच्या विद्यार्थ्यांशी बोलले. भाषण मुलांना पाहता-ऐकता यावे अशी सोय शाळांनी करावी, या आशयाची परिपत्रके शिक्षणखात्यांकडून निघाली; काही ठिकाणी सोय केल्याचा अहवालही मागविण्यात आला. विरोधकांनी यास सक्ती म्हटले. तेव्हाच्या मनुष्यबळ विकासमंत्री स्मृती इराणी यांनी, कार्यक्रम ऐच्छिक आहे, असा खुलासा केला. पश्चिम बंगालच्या सरकारने आपल्या शाळांवर सक्ती करण्याचे नाकारले. शिक्षकदिनाशी ‘गुरू उत्सव’ हे नाव जोडल्यावरून तमिळनाडूतील द्रविड पक्षांनी आणखी एक आघाडी उघडली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये तालकटोरा स्टेडियमवरून ‘परीक्षा पे चर्चा’ हा उपक्रम सुरू झाला आणि पंतप्रधानांनी विद्यार्थ्यांशी थेट बोलणे हा एक परिपाठच होऊन बसला.

आता २०१४ च्या त्या भाषणात आक्षेपार्ह असे काय होते? मुलींचे शिक्षण, शाळांतील शौचालये, थोरांच्या चरित्रांचे वाचन, मैदानावर गाळावयाचा घाम, जपानात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून शाळा झाडतात हा दाखला, असा त्याचा मजकूर होता. पंतप्रधान व्हायचे असेल तर काय करावे, असे एका मुलाने विचारले तेव्हा २०२४ च्या निवडणुकीची तयारी कर, म्हणजे तोवर मला धोका नाही, असे मिस्कील उत्तर त्यास मिळाले. कोणत्याही पक्षाचा आजोबा आपल्या नातवाला जे सांगेल, त्याहून वेगळे यात फारसे नव्हते. म्हणजे वाद शब्दांवरून झालाच नाही. तो बोलणाऱ्यावरून झाला, आणि बोलणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या सरकारी परिपत्रकावरून झाला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केल्यानेच सारा घोळ होतो.

बोलणाऱ्यावरून होणारा विरोध किती बेभरवशाचा असतो, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेकडे पाहावे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) वॉशिंग्टनमधील एका शाळेतून दूरचित्रवाणीद्वारे मुलांशी बोलले. अभ्यास करा, मादक पदार्थांपासून दूर राहा, असे ते भाषण. त्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे पुढारी कडाडले: शिक्षणखात्याच्या पैशाने अध्यक्षांची जाहिरात चालली आहे! पुढे अठरा वर्षांनी, ८ सप्टेंबर २००९ रोजी, डेमोक्रॅटिक अध्यक्ष बराक ओबामा व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या एका शाळेतून मुलांशी बोलले. कष्ट करा, अपयशाने खचू नका, शाळा सोडू नका, हाच उपदेश. या खेपेस रिपब्लिकनांनी काहूर माजविले. आमच्या मुलांच्या डोक्यात समाजवाद भरला जातो आहे, असा आरोप झाला. काही शाळांनी भाषण दाखविण्याचे टाळले. काही आईबापांनी त्या दिवशी मुले घरी ठेवली. म्हणजे अठरा वर्षांत खुर्चीवरचा माणूस बदलला आणि दोन्ही पक्षांनी आपापली तत्त्वे मुकाट्याने एकमेकांशी बदलून घेतली. अपवाद घडला तो माजी अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांचा. पक्ष निराळा असूनही, अध्यक्षाने मुलांना अभ्यासाचे महत्त्व सांगण्यात काही वावगे नाही, असे त्या उघडपणे म्हणाल्या.

आपल्याकडे याहून निराळे काही नाही. आज जे पंतप्रधानांच्या भाषणाला राष्ट्रकार्य म्हणतात त्यांनी मनाशी एवढेच विचारावे की, उद्या त्या खुर्चीवर आपल्याला नकोसा वाटणारा पुढारी बसला आणि हेच परिपत्रक निघाले, तर आपण आपले मूल त्या दिवशी शाळेत पाठवू काय? आणि जे आज त्यास प्रचार म्हणतात त्यांनीही विचारावे की, आपल्या आवडीचा पुढारी तेथे असता तर आपण हाच आक्षेप घेतला असता काय? या कसोटीला जे उतरेल ते तत्त्व. बाकीची निव्वळ बाजू.

परंतु परिपत्रकावरून होणारा विरोध असा हसण्यावारी नेता येणार नाही. त्यात तथ्य आहे. सभेला जाणारा प्रौढ माणूस आपल्या पायांनी जातो आणि कंटाळला तर उठून येतो. वर्गातल्या मुलाला उठता येत नाही. समोर शिक्षक, शिक्षकाच्या मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे भागशिक्षणाधिकारी आणि सर्वांच्या मागे अनुदान, अशी ती साखळी असते. अशा ठिकाणी ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावर कितीही ठळक छापला तरी अहवालाचा रकाना भरताना तो पुसट होतो. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या एखाद्या लहान शाळेचा मुख्याध्यापक त्या रकान्यात ‘सोय केली नाही’ असे लिहिण्याचे धाडस कशाच्या बळावर करील? मंत्र्यांच्या स्वागतासाठी उन्हात रांगेने उभी केलेली मुले आणि समारंभाच्या रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी बसमधून नेलेले वर्ग, हे दृश्य आपल्या देशाला अपरिचित नाही. ते कोणा एका पक्षाचे पाप नव्हे. ज्यांना ज्यांना सत्ता मिळाली त्यांनी त्यांनी त्यात भर घातली आहे.

आम्हां गोमंतकीयांना तर सत्तेच्या शिकवणुकीचा अर्थ नव्याने समजावून सांगावयास नको. सालाझारच्या राजवटीने पोर्तुगालात १९३६ साली ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना काढली आणि कोवळ्या वयाच्या मुलांना गणवेश, संचलन आणि राज्यनिष्ठा यांच्या चौकटीत बसविले. त्याच राजवटीखाली गोव्यात लिहावयाचे तर सेन्सॉरचा शिक्का हवा, बोलावयाचे तर परवाना हवा, अशी स्थिती होती. परकी शिक्षणाने आमच्या मनाचे काय केले, याचे जळजळीत वर्णन त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी १९४४ च्या आपल्या पुस्तिकेत करून ठेवले आहे. आणि त्या काळात आमच्या मुलांच्या मनातला भारत जिवंत ठेवला तो कोणी? गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या तरी ओसरीवर भरणाऱ्या खासगी मराठी शाळांनी. त्यांच्या मागे ना सरकारचे परिपत्रक होते ना अनुदान. तुटपुंज्या पगारावर राबणारा एक मास्तर आणि त्याच्यावर गावाने टाकलेला विश्वास, एवढ्या भांडवलावर त्या चालल्या. देशप्रेम सरकारी आज्ञेवाचून रुजते, किंबहुना कधी कधी सरकारी आज्ञेच्या विरुद्धही रुजते, हा आमचा अनुभव आहे. सक्तीच्या पुरस्कर्त्यांनी तो ध्यानी घ्यावा.

तथापि याच इतिहासाची दुसरी बाजू सक्तीच्या विरोधकांनीही पाहावी. सत्तेने मुलांना ऐकावयास लावले तसे ऐकण्यापासून रोखलेही आहे. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत बंगाल सरकारने कार्लाईल परिपत्रक काढले आणि ज्या शाळांचे विद्यार्थी स्वदेशीच्या सभांना जातील त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद करण्याची धमकी दिली. मुलांनी पुढाऱ्यांची भाषणे ऐकता कामा नयेत, राजकारण हा त्यांचा विषय नव्हे, हे त्या सरकारचे म्हणणे होते. आज लोकनियुक्त पंतप्रधानाचे भाषण मुलांच्या कानी पडू नये म्हणून जे दार लावू पाहतात, त्यांची भाषा नकळत त्या जुन्या परिपत्रकाच्या भाषेजवळ जाते. मुलांचे कान बंद करण्याचा अधिकार गोऱ्या साहेबाला नव्हता, तसा तो पक्षाभिमानी पालकालाही नाही.

शिवाय कान बंद होतात तरी कोठे? दहावीतले मूल पंधरा वर्षांचे असते. मतदानाचे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आले, म्हणजे तीन वर्षांत ते मतदार होणार. घरात वडिलांच्या तोंडून, दुकानाच्या फळीवर, बसमध्ये आणि हातातल्या मोबाइलवर ते रोज पुढाऱ्यांविषयी ऐकत असते. तेथे त्यास मिळतात ते भाषणांचे कापून जोडलेले तुकडे, कोणी शिवी म्हणून पाठविलेले, कोणी आरती म्हणून. अशा मुलाने देशाच्या पंतप्रधानाचे एक संपूर्ण भाषण आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावे, शेजारी त्याचा शिक्षक असावा आणि नंतर त्यावर वर्गात बोलणे व्हावे, यात त्याची हानी कोणती? उलट पूर्ण म्हणणे ऐकून मग मत बनविण्याची सवय त्यास कोठे लागणार असेल तर ती शाळेतच.

या साऱ्या वादाच्या तळाशी एक चुकीची समजूत आहे. पुढाऱ्याचे ऐकणे म्हणजे त्याला मानणे, आणि त्याच्याशी मतभेद म्हणजे देशाशी द्रोह, ही ती समजूत. दोन्ही बाजूंनी ती मनाशी धरली आहे. म्हणून एका बाजूला ऐकविण्याची घाई आणि दुसऱ्या बाजूला न ऐकण्याचा हट्ट. परंतु आपल्या देशाचा इतिहास या समजुतीला कधीच दुजोरा देत नाही. टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र शिक्षा भोगणारे मित्र. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे इतके बिनसले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यांपैकी देशभक्त कोण, हे सांगण्याची छाती कोणाची आहे? टिळक आणि गोखले यांच्या वादाने १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली. पण १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा त्यांच्या चितेजवळ उभे राहून टिळकांनीच त्यांच्या थोरवीचा गौरव केला. १९२१ मध्ये असहकारिता ऐन भरात असताना रवींद्रनाथांनी तीवर जाहीर टीका केली, विद्यार्थ्यांनी शाळा सोडण्याविषयी शंका घेतली. गांधीजींनी त्यांना देशाचा शत्रू ठरविले नाही. ‘यंग इंडिया’तून मुद्देसूद उत्तर दिले आणि टीकाकाराला थोर पहारेकरी म्हणून गौरविले.

आमच्या गोव्याचेच पाहा. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशातील एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग, असे उद्गार निघताच डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तेथल्या तेथे आपला निषेध नोंदविला. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला धाडण्यात आले. गायतोंडे त्या मेजवानीस गेलेच नसते, कानांत बोळे घालून घरी बसले असते, तर तो निषेध घडला नसता. जो ऐकतो तोच हरकत घेऊ शकतो. आणि मुक्तीनंतर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवावा. ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ यांनी घराघरांत फूट पाडली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी तो निकाल कडू घोटासारखा गिळावा लागला, तर कित्येकांनी दिवे लावले. पण फुलावर शिक्का मारणारा आणि दोन पानांवर शिक्का मारणारा, दोघेही सारखेच गोमंतकीय आणि सारखेच भारतीय होते. त्या घरांतली मुले दोन्ही बाजू ऐकतच वाढली. त्यामुळे त्यांचे देशप्रेम उणे झाले, असे म्हणण्यास काही आधार नाही.

मुलाच्या बाह्य वर्तनावरून त्याच्या देशभक्तीची परीक्षा घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगून ठेवले आहे. केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या तीन भावंडांना, राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून, १९८५ मध्ये शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. गात मात्र नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला आणि सहिष्णुता ही आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपल्या घटनेचीही शिकवण असल्याचे बजावले. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर गप्प उभे राहण्याची मुभा आहे, तर कोणा पुढाऱ्याच्या भाषणाला टाळी न वाजविण्याची मुभा ओघानेच आली. पुढारी कितीही मोठा असो, तो राष्ट्रगीताहून मोठा नाही. राजकारणातील व्यक्तिपूजा ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट ठरते, हा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता, तो शाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

मग करावयाचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. लोकांनी निवडलेल्या पंतप्रधानाने मुलांशी बोलावे आणि मुलांनी ते ऐकावे; मग तो पंतप्रधान आम्हांस आवडो वा न आवडो. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळली गेली पाहिजेत. भाषण कधी आणि कोणत्या विषयावर, हे शाळांना आणि पालक-शिक्षक संघांना आठवडाभर आधी कळावे. २००९ मध्ये अमेरिकेत वाद वाढताच अध्यक्षांच्या कचेरीने भाषणाचा संपूर्ण मजकूर आदल्या दिवशी प्रसिद्ध केला आणि बऱ्याच शंका तेथेच विरल्या. शाळांकडून उपस्थितीचे अहवाल आणि छायाचित्रे मागविणे बंद व्हावे. ज्या कार्यक्रमाची हजेरी घेतली जाते तो ऐच्छिक नव्हे. ज्या पालकाची हरकत असेल त्याच्या मुलाला वाचनालयात बसण्याची सोय असावी आणि त्यावरून त्यास कोणी टोचून बोलू नये. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात असा कार्यक्रम मुळीच होऊ नये. मुलांकडून पुढाऱ्याच्या स्तुतीचे निबंध वा आभाराची पत्रे लिहवून घेऊ नयेत. अमेरिकेतही, अध्यक्षांना आपण काय मदत करू, याविषयी मुलांनी स्वतःला पत्र लिहावे, अशी सूचना शिक्षणखात्याच्या टिपणात होती. टीका होताच ती वगळून, आपल्या अभ्यासाची उद्दिष्टे कशी गाठू, असा विषय देण्यात आला. ही दुरुस्ती योग्यच होती.

आणखी दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली, विरोधी पक्षनेता हा लोकशाहीतला उपरा नव्हे. १९७७ च्या कायद्याने त्याला रीतसर स्थान आणि वेतन दिले आहे. जी शाळा पंतप्रधानांना ऐकते तिने वर्षातून एकदा विरोधी पक्षाच्याही एखाद्या जबाबदार नेत्याचे म्हणणे मुलांना ऐकवावे. एकाच कानाने ऐकून तोल साधत नाही. दुसरी, भाषण संपल्यावरचा अर्धा तास शिक्षकाच्या स्वाधीन करावा आणि त्यात काय बोलले जावे याचे परिपत्रक काढू नये. पंतप्रधानांचे कोणते म्हणणे पटले, कोणते पटले नाही, कोणता प्रश्न विचारावयाचा राहून गेला, हे मुलांना बोलू द्यावे. आपल्या शाळेत शौचालयाला पाणी का नाही, असे एखाद्या मुलीने त्या अर्ध्या तासात विचारले, तर ते भाषण सार्थकी लागले असे आम्ही समजू. त्या प्रश्नाचे उत्तर देणे मुख्याध्यापकास, शिक्षणखात्यास आणि आमदारास भागच पडेल. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा देशाला उपयोग आहे. नुसत्या टाळ्या वाजविणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

पालकांसही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. पुढाऱ्याविषयीचा आपला राग किंवा आपली भक्ती मुलाच्या दप्तरात घालून त्याला शाळेत पाठवू नका. त्याला ऐकू द्या. घरी आल्यावर काय ऐकलेस ते विचारा, आणि तुमचे मत निराळे असेल तर तेही कारणांसह सांगा. मुलाने ऐकून घेतल्यावर तुमच्याशी मतभेद दर्शविला, तर रागावू नका. उद्या मतदानकेंद्राच्या पडद्याआड त्याने एकट्यानेच उभे राहावयाचे आहे. तेथे त्याच्याबरोबर पंतप्रधान नसतील, मास्तर नसतील आणि तुम्हीही नसाल. त्या वेळी स्वतःच्या डोक्याने निर्णय घेण्याची तयारी ही शाळा आणि घर यांनी मिळूनच करून घ्यावयाची आहे.

सरकारने आपली परिपत्रके आवरावीत, विरोधकांनी आपले बहिष्कार आवरावेत, आणि दोघांनीही मास्तरावर थोडा विश्वास टाकावा. परसत्तेच्या अमदानीत अग्रशाळेत बसून ज्याने आमच्या मुलांना देश शिकविला त्याच्याच वारसदारांवर तो टाकावयाचा आहे. तेव्हा त्यात धोका पत्करण्यासारखे फारसे नाही.